गावातल्या घरासाठी स्वस्त डॅक: आधी घरघर ओळखा, मग पैसे काढा

लॅपटॉपला चार्जर लावला की डेकमधून, म्हणजे जुन्या कॅसेट-ॲम्प्लिफायरच्या सेटमधून, भुंगा गुणगुणायला लागतो आणि चार्जर काढला की गप्प होतो. ही तक्रार घेऊन माझ्या दुकानात दर महिन्याला कोणी ना कोणी येतं. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहतो आणि तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोरांच्या कॉलेजसाठी घरोघर लॅपटॉप आले, त्यांच्यामागून माळ्यावरचे जुने डेक खाली उतरले आणि गाणं कॉम्प्युटरवरून मोठ्या स्पीकरवर ऐकायची सवय लागली. ऐकणारे दर्दी आहेत. कोणाला जुनी नाट्यगीतं, कोणाला शास्त्रीय, कोणाला भजनी मंडळाची खंजिरी. चांगल्या आवाजासाठी डॅक, म्हणजे कॉम्प्युटर आणि डेकच्या मध्ये बसणारी आवाजाची डबी, घ्यावा लागतो, हेही त्यांना कुठून तरी कळलेलं असतं.

शेजारच्या गावातल्या एका काकांनी असाच नऊ हजारांचा डॅक मागवला. जोडला आणि तासाभरात मला फोन केला, "काहून भाऊ, नऊ हजार गेले अन् भुंगा तं तसाच हाय!" मी जाऊन पाहिलं. डॅक उत्तम होता. दोष घराच्या अर्थिंगचा होता आणि तो दुरुस्त करायला सहाशे रुपये लागले. कापूस विकून आलेल्या पैशातून कोणी आवाजासाठी नऊ हजार काढतो, तेव्हा ते योग्य जागी लागले पाहिजेत असं मला फार वाटतं. म्हणून सगळा क्रम सविस्तर लिहितो. खरेदी या क्रमात बरीच नंतर येते.

डॅक नेमकं काय करतो

कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजून १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेली असते. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला खालीवर होणारा व्होल्टेज लागतो. आकड्यांचा व्होल्टेज करणारा भाग म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये, फोनमध्ये, टीव्हीत आणि सेट टॉप बॉक्समध्येही आधीपासून आहेच. बाहेरचा डॅक घेतला की हेच काम मदरबोर्डच्या गोंगाटातून उचलून वेगळ्या डबीत नेलं जातं. त्यामुळे मदरबोर्डचा गोंगाट जातो. घराच्या वायरिंगचा गोंगाट त्याने जाईलच असं नाही.

पहिली पायरी: कोणता आवाज त्रास देतो ते कानाने ओळखा

रात्री सगळं शांत झाल्यावर बसा. गाणं थांबवा, डेकचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि काय ऐकू येतं त्याकडे लक्ष द्या.

माउस हलवला, पान वरखाली सरकवलं किंवा फाइल कॉपी करायला लावली की बारीक चिरचिर किंवा शिट्टी बदलत असेल, तर तो कॉम्प्युटरच्या आतला गोंगाट. डेस्कटॉप असेल तर एक फुकटचा उपाय आधी करा: हेडफोनची पिन कॅबिनेटच्या समोरच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात लावा. समोरच्या भोकापर्यंत जाणारी वायर कॅबिनेटच्या आत सगळ्या गोंगाटाशेजारून जाते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी डेस्कटॉपचा त्रास एवढ्यानेच संपला. मागच्या भोकातही शिट्टी राहिली, किंवा लॅपटॉपला दुसरं भोकच नसेल, तर बाहेरचा डॅक घ्यायला खरं कारण आहे.

सतत एकसारखी जाड घुंघुं किंवा भुंग्यासारखी घरघर असेल, तर गोष्ट वेगळी. आता लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर चालवा. घरघर त्या क्षणी गेली, तर दोष चार्जर, अर्थिंग आणि डेक यांच्यामधल्या जोडणीत आहे. लॅपटॉपची पिन पूर्ण काढूनही डेक घरघरत असेल, तर दोष डेकचा आहे. बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळलेले असतात. पन्नास-शंभर रुपयांचे कपॅसिटर बदलले की काम होतं, तिथे डॅकचा काही संबंध नाही.

चार्जरच्या घरघरीमागचं कारण समजून घ्या, कारण आपल्याकडे हाच दोष सगळ्यात जास्त भेटतो. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट अर्थिंगकडे ढकलणारे छोटे कपॅसिटर असतात. घरात अर्थिंग जिवंत असेल तर तो गोंगाट मातीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन भोकांच्या एक्स्टेन्शनमध्ये खुपसला असेल, तर लॅपटॉपचं अंग मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की मुंग्या येतात त्या यामुळेच. हा करंट वाट शोधत ऑडिओच्या वायरमधून डेककडे जातो आणि स्पीकरमधून घरघर निघते.

आता काकांच्या नऊ हजारांचं कोडं सुटतं. यूएसबी वायरमध्ये डेटासोबत जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, तारही असते. लॅपटॉपचा गोंगाट त्या तारेवरून डॅकमध्ये येतो, तिथून आरसीए वायरवरून (डेकच्या मागच्या गोल भोकांत बसणारी ऑडिओ वायर) डेकमध्ये जातो. डॅक मध्ये बसवून ती वाट तुटत नाही, फक्त एक थांबा वाढतो.

दुसरी पायरी: अर्थिंग

घरी वायरमन बोलवा आणि मल्टिमीटरने तीन मोजण्या करून घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिल्या दोन जवळजवळ सारख्या हव्यात आणि तिसरी दोन-तीन व्होल्टच्या आत हवी. न्यूट्रल ते अर्थ वीस-तीस व्होल्ट दाखवत असेल, किंवा फेज ते अर्थ अर्धवटच काहीतरी येत असेल, तर अर्थिंग नावापुरती आहे. या मोजण्या चालू लाइनवर होतात, सवय नसेल तर स्वतः करू नका.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळली की अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते आणि पकड जाते. म्हणून कित्येक घरांत घरघर मार्चपासून वाढते आणि मृगाच्या पावसानंतर आपोआप कमी होते. लोकांना वाटतं मशीन दुरुस्त झाली. सळई किंवा प्लेट खोल गाडा, भोवती कोळसा आणि मीठ भरा आणि उन्हाळाभर चार-आठ दिवसांनी तिथे बादलीभर पाणी टाका. न्हाणीघराचं पाणी जिथे जातं त्याच बाजूला खड्डा घेतला तर आठवण ठेवायचीही गरज नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरघर घालवायला चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन कापू नका. कापल्याने घरघर कधी कधी जाते, हे खरं आहे. पण ती पिन आवाजासाठी नसून जिवासाठी आहे. आत वायर सुटून डब्याला लागली, तर त्या पिनेवाचून तो डबाच करंट मारेल.

अर्थिंग नीट होऊनही थोडी घरघर उरली, किंवा घर भाड्याचं असल्यामुळे अर्थिंग करता येत नसेल, तर वाट तोडायचे तीन स्वस्त मार्ग आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे ऑडिओ वायरमध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. घरघर जाते, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचा जाड सूर थोडा खातो. तबल्याचा डग्गा किंवा पखवाज ऐकणाऱ्याला ते जाणवेल. दुसरा मार्ग ऑप्टिकल वायर. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून वाट मुळातच तुटते. पण लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट क्वचितच असतो, टीव्हीला मात्र बहुधा असतो. तिसरा मार्ग यूएसबी आयसोलेटर. हजारभर रुपयांत मिळणाऱ्या डब्यांत बहुतेक वेळा ॲनालॉग डिव्हायसेसची एडीयूएम ३१६० किंवा ४१६० ही चिप असते. ती सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच डेटा नेते. त्यामुळे तिच्यामागे जुन्या पद्धतीचा, म्हणजे यूएसबी ऑडिओ क्लास १ चा डॅक चालतो, आणि ४८० मेगाबिटवर चालणारे महागडे डॅक ओळखलेच जात नाहीत. स्वस्त डॅक घेणाऱ्याची इथे सोय झाली.

इन्व्हर्टरचंही सांगून टाकतो. लाइट गेल्यावरच घरघर सुरू होत असेल आणि पंखाही तेव्हाच गुणगुणत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याला डॅक घेऊन इलाज नाही. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर ठेवा आणि पुढचा इन्व्हर्टर घेताना साइन वेव्ह घ्या.

तिसरी पायरी: डॅकच्या पुढे काय जोडणार ते ठरवा

डॅकची निवड यावरून निम्मी ठरते.

हेडफोन किंवा इअरफोनवर ऐकणार असाल, तर डॅकमध्येच हेडफोनचा ॲम्प्लिफायर हवा. पिनेसारखे छोटे डॅक, ज्यांना सगळे डाँगल म्हणतात, त्यांत तो असतो. डाँगलचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आवाजाच्या विजेला होणारा अडथळा, हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. चांगल्या डाँगलचा तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे चिंता नसते.

जुना डेक किंवा ॲम्प्लिफायर असेल, तर मागे पाहा. ऑक्स किंवा लाइन इन लिहिलेली दोन गोल भोकं म्हणजे आरसीए. फोनो लिहिलेल्या भोकात डॅक लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे, आवाज फाटून येतो. गावात जुळवलेल्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना अर्ध्या व्होल्टच्या आतच पूर्ण आवाज मिळतो आणि टेबलावरचे डॅक आरसीएवर साधारण २ व्होल्ट देतात. म्हणून पहिल्यांदा जोडताना डेकचं बटण शून्यावर ठेवा आणि हळूहळू वाढवा. बटण थोडंसं फिरवताच घर दणाणलं, तर घाबरू नका, कॉम्प्युटरवरचा आवाज कमी करा. तीस-चाळीस वर्षं जुन्या स्पीकरचा कागद एका दणक्यात फाटतो आणि तो कोन बदलून देणारा माणूस शोधायला नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते.

कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर असतील, तर मी स्पष्ट सांगतो: डॅक घेऊ नका. तो पैसा बाजूला टाका आणि आधी स्पीकर बदला. स्पीकर आणि खोली यांनी आवाजात जो फरक पडतो, त्याच्या जवळपासही डॅक जात नाही. टिनाच्या छताच्या, सिमेंटच्या उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे खाली सतरंजी, भिंतीला जाड गोधडी आणि कोपऱ्यात कापसाची गाठोडी ठेवली तरी बोलणं आणि गाणं स्वच्छ होतं. आमच्या घरी हंगामात कापूस घरात भरला की सगळ्यात सुंदर गाणं त्या महिन्यात ऐकू येतं.

चौथी पायरी: आकडे किती मनावर घ्यायचे

डब्यावर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, ७६८ किलोहर्ट्झ असे मोठे आकडे असतात. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढलं की त्याहून कमी. तेवढं पकडायला ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजण्या, पुरेशा आहेत, म्हणूनच १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती त्या आकड्यासह. १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि तळाचा गोंगाट यांच्यात सुमारे ९८ डेसिबलचं अंतर मिळतं. गावात रात्री अकराला, पंखा बंद करून, रातकिड्यांसह खोलीत ३० डेसिबलच्या आसपास तरी आवाज असतोच. त्यावर तुम्ही ९० डेसिबलपर्यंत गाणं वाजवलं, तर प्रत्यक्ष वापरात येणारं अंतर साठच्या घरात राहतं. म्हणजे नीट बनवलेला १६ बिटांचा डॅक आपल्या खोलीला पुरून उरतो.

मग २४ बिट कशाला? आवाज कॉम्प्युटरवरूनच कमी-जास्त करायचा असेल तर त्याचा उपयोग आहे. १६ बिटांत आवाज खूप खाली आणला की बारकावे तळाच्या गोंगाटात बुडायला लागतात, २४ बिटांत जागा शिल्लक राहते. म्हणून २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ एवढं मिळालं की पुढच्या आकड्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. शिवाय २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं गाणं न दाबता साठवलं तर मिनिटाला सुमारे ६९ एमबी लागतात, सीडीच्या दर्जाचं साडेदहा. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर हा हिशेब महत्त्वाचा आहे.

चिपच्या नावावरून भांडणारे लोक खूप आहेत. कोणाला ईएसएस हवी, कोणाला एकेएम, कोणाला सिरस लॉजिक. या सगळ्या डॅकच्या आतली चिप बनवणाऱ्या कंपन्या. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिपा मिळेनाशा झाल्या. तेव्हा डॅक बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली मॉडेलं दुसऱ्या चिपांवर नेली आणि तेही डॅक उत्तमच निघाले. चिपभोवतीचं सर्किट आणि वीजपुरवठा नीट हवा. पाककृती एकच असली तरी दोन घरच्या भाजीची चव वेगळी लागते, तसं हे आहे.

पाहण्याजोगा एकच आकडा सांगायचा तर तो सिनॅड. आवाजाच्या तुलनेत गोंगाट आणि विकृती मिळून किती, हे तो सांगतो. तो नव्वद डेसिबलच्या वर असेल तर आपल्या घरात डॅकचा स्वतःचा दोष ऐकू येणार नाही. एकशे दहा आणि एकशे वीस यांतला फरक मीटरला कळतो, कानाला नाही.

पाचवी पायरी: बजेटप्रमाणे निवड

भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून अंदाजे सांगतो.

दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारी, "७.१" लिहिलेली यूएसबी डांडी फक्त एका कामासाठी ठेवा: लॅपटॉपचं हेडफोनचं भोक खराब झालं की नाही हे तपासायला. ऑनलाइन वर्गापुरती ती चालते, गाण्यासाठी मी ती कोणाला देत नाही.

हजार रुपयांच्या आसपास खरी मजा सुरू होते. ॲपलची टाइप-सी ते ३.५ एमएम हेडफोन पिन दिसायला नुसती वायर वाटते, पण तिच्या टोकात पूर्ण डॅक आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत चालते, सुमारे १ व्होल्ट देते आणि मोजमापांत तिच्या कित्येक पट किमतीच्या डब्यांना मागे टाकते. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर ड्रायव्हर न टाकता चालते. दोन सावधगिऱ्या आहेत. मॉडेल क्रमांक ए२०४९ पाहून घ्या. ए२१५५ ही युरोपसाठीची आवृत्ती, तिचा व्होल्टेज मुद्दाम निम्मा ठेवलेला आहे. आणि काही अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज फार कमी येतो, त्यामुळे मुख्यतः फोनसाठी घेणार असाल तर ही नको. तेव्हा फिओचा जेए११ यासारखा डाँगल बरा. साध्या इअरफोनला किंवा डेकच्या ऑक्सला जोडायला या दोघांपैकी कोणताही पुरेसा आहे. मला कोणी एकच नाव विचारलं तर मी इथेच थांबायला सांगतो.

डाँगलची पिन टाइप-सी असते आणि गावातल्या जुन्या डेस्कटॉपला चपटं यूएसबीच असतं. टाइप-सीची मादी आणि चपट्या यूएसबीचा नर असा छोटा कन्व्हर्टर सोबत मागवा, नाहीतर पार्सल आलेल्या दिवशी हिरमोड होतो.

अडीच ते चार हजारांत बेहरिंगरचा यूसीए२०२ किंवा यूसीए२२२ घ्या. दोन्ही एकच, फक्त रंग वेगळा. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची जुनी पीसीएम २९०२ चिप, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आकड्यांच्या शर्यतीत हा मागे पडेल, पण खेड्यातल्या घराला इतका सोयीचा डबा दुसरा मला माहीत नाही. आरसीएची भोकं थेट डब्यावर आहेत, वर सांगितलेला यूएसबी आयसोलेटर त्याला चालतो आणि विंडोज ७ च्या जुन्या मशीनवरही लावताच ओळखला जातो. शिवाय त्यात आरसीए इनपुटही आहे. म्हणजे डेकमधून आवाज उलटा कॉम्प्युटरमध्ये आणता येतो. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं म्हणणारी मंडळं गावोगाव आहेत आणि त्यांच्या जुन्या रात्री घरगुती कॅसेटींवर पडून आहेत. बुरशी चढायच्या आत त्या उतरवून घ्यायला हाच डबा, फुकटचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर आणि हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढं पुरतं. एका कॅसेटमध्ये घरातल्या आबांनी तीस वर्षांपूर्वी धरलेला सूर होता. तो स्वच्छ करून वाजवला तेव्हा आजी चुलीपासून उठून आली आणि दारात उभी राहिली. "थे तुहे आबा व्हयेत," एवढंच म्हणाली.

सात ते दहा हजारांत टेबलावरचे डॅक येतात. एसएमएसएलच्या एसयू-१ मध्ये यूएसबी, ऑप्टिकल आणि कोॲक्शियल असे तीन इनपुट आहेत. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही एकाच डेकला जोडायचे असतील तर तो सोयीचा. टॉपिंगचा डी१०एस फक्त यूएसबीवरून आवाज घेतो. या दोघांनाही हेडफोनचं भोक नाही, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. हेडफोन आणि डेक दोन्ही हवे असतील, तर त्याहून थोडं वर फिओचा के११ आहे. पण दहा हजारांच्या पुढे गेलात की तो पैसा स्पीकरमध्ये जास्त शोभेल, हे माझं पक्कं मत आहे.

फक्त टीव्हीचा आवाज डेकवर आणायचा असेल, तर पाचशे-सातशे रुपयांची ऑप्टिकल ते आरसीए डबी पुरते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवा. डॉल्बीवर राहिला तर या डब्यांतून आवाजच येत नाही आणि माणूस डबी परत पाठवतो.

मागवताना

आपल्या पिनकोडवर माल येतो का हे आधी पाहा. नसेल येत तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. नागपूरला जाणं होणार असेल तर सीताबर्डीत चौकशी करा, हातात घेऊन पाहता येतं. भारतातल्या वितरकाची वॉरंटी आणि परत करायची मुदत दोन्ही विचारा. परदेशातून थेट मागवलेला डबा हजार-दीड हजाराने स्वस्त दिसतो, पण कस्टम लागलं तर हिशेब उलटतो आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्च त्याच्या किमतीइतका होतो. विंडोज ७ वापरत असाल तर यूएसबी ऑडिओ क्लास २ च्या डॅकला वेगळा ड्रायव्हर लागतो. विंडोज १० मध्ये तो २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून आतच आहे.

वायरीसाठी दोनशे-तीनशे रुपये पुरे. लॅपटॉप आणि डेक लांब असतील तर यूएसबी वायर लांब घ्या आणि आरसीए वायर आखूड ठेवा. साधी यूएसबी वायर पाच मीटरच्या पुढे नको.

जोडल्यावर

विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून साउंड सेटिंग उघडा, आउटपुट म्हणून नवा डॅक निवडा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये २४ बिट ४८,००० हर्ट्झ ठेवा, डॅक १६ बिटांचा असेल तर १६ बिट. ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. लॅपटॉप कंपनीने टाकलेला बास वाढवणारा प्रोग्रॅम असेल तर तोही. सीडीवरून घेतलेली गाणी जास्त ऐकत असाल तर ४४,१०० ठेवा. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं असेल तर सेटिंगमध्ये फक्त डॅक निवडायचा, बाकी काही करावं लागत नाही. संगीत ऐकण्यासाठी फूबार २००० चांगलं आहे, हलकं आहे आणि फुकट आहे.

मग परत करायची मुदत संपायच्या आत एक प्रामाणिक परीक्षा घ्या. जुन्या भोकातून आणि नव्या डॅकमधून तेच गाणं वाजवा, पण दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. थोडा जास्त मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, सगळी फसगत तिथे होते. एक किलोहर्ट्झचा टोन वाजवून डेकच्या इनपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट सारखे करून घ्या. मीटर खालच्या रेंजचा नसेल तर कानाने शक्य तेवढे जुळवा. मग घरातल्या कोणाला तरी पिन बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर सांगता आलं तर डॅक ठेवा. नाही आलं, आणि आधी घरघर किंवा शिट्टीही नव्हती, तर परत पाठवा आणि ते पैसे स्पीकरला लावा.

ठेवायची जागा धुळीपासून दूर असावी, जिनिंगच्या बाजूला घर असेल तर रुईचा बारीक तंतू प्रत्येक भोकात जातो, म्हणून न वापरलेल्या आरसीएवर टोपी लावा. टीनाखाली मे महिन्यात डबा तापतो, डेकच्या डोक्यावर ठेवू नका. आणि मृगाच्या आधी ढग गडगडायला लागले की डेकची पिन, चार्जरची पिन आणि टीव्हीची डिश वायर, तिन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज डीपीवर पडली की ती बटणाच्या फटीतून उडी मारते, आणि डॅक त्या वेळी डेक आणि कॉम्प्युटर या दोघांच्या मधोमध जोडलेला असतो.